चवळीतली साखर

१९ मे, दुपार

ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तूही मजेत असशील, वगैरे वगैरे. आता मुद्द्याचं. चवळीत साखर मी टाकली.

तुला काही कळलं नसेल. थांब, सांगतो. फोन नाही केला, कारण आपल्या घरात फोनवर बोललेलं दादाला भिंतीपलीकडून ऐकू जातं.

रविवारी दादाचा साहेब घरी आला होता. आधीचा अख्खा आठवडा दादा शेपूट हलवायची प्रॅक्टिस करत होता. साहेबाला म्हणे थंड आवडतं. म्हणून लाल चवळीच्या सायीच्या आइसकांड्या, आई उन्हाळ्यात करते त्या. पण आईच्या पद्धतीनं नाही हं! दादानं मोबाइलवर कुणा बाप्याला कांड्या करताना बघितलं आणि हा आईला शिकवायला लागला. आईला! "कुकर नको, पातेल्यात शिजव. साय एवढी नको." स्वतः कमरेला टॉवेल गुंडाळून उभा, चमच्याला हात नाही.

मला राहवलं नाही. आई कपडे वाळत घालायला गेली, दादा फोनवर "येस सर, येस सर" करत होता. मी उकळत्या चवळीत दोन मुठी साखर ढकलली. आईचा नियम तुला माहितीये, दाणा बोटात चिरडला की मगच साखर, नाहीतर तो जन्मात शिजत नाही. म्हटलं, दादा घामाघूम होईल, आपण बघत बसू. एवढंच डोक्यात होतं.

पण या शहाण्यानं दाणा दाबूच दिला नाही! आई पुढे झाली तर म्हणतो, "यात पाऊण तास सांगितलाय. झाला पाऊण तास." अर्धी चवळी दूध-सायीबरोबर मिक्सरमध्ये फिरवली, अर्धी अख्खी टाकली. ग्लासांत ओतलं, काड्या खोचल्या, फ्रीजरमध्ये.

साहेब म्हणजे फुगलेला पाव. दादानं दोन्ही हातांनी कांडी पुढे केली, "सर, मी स्वतः बनवलीये." साहेबानं चावा घेतला. कट्ट! वाटलं दाणा फुटला. छे, दाढेवर बसवलेली कॅप निघाली. त्यानं ती तळहातावर काढून बघितली, मग आम्ही सगळ्यांनी बघितली. मी उशीत तोंड खुपसलं.

आणि आपला कर्तबगार दादा त्याच दमात काय म्हणाला? "सॉरी सर, आईनं केलीये. तिचं हल्ली लक्ष नसतं."

आई दारातच होती, पाण्याचे ग्लास घेऊन. ग्लास ठेवले, एका कांडीतला दाणा काढून चावला. म्हणाली, "साखर आधी पडलीये. माझ्याच हातून पडली असेल."

मी उशीतून तोंड काढलंच नाही.

मागे एकदा तिच्याकडून गॅस चालू राहिला होता ना, तेवढं धरून दादानं आता शेगडीची बटणं काढलीत. ऑफिसला जाताना खिशात घालून नेतो. बटणं वाजवत फिरणारा माणूस बघितलायस कधी? घरी डबा लावलाय. आई म्हणते, "बरोबर आहे त्याचं." काल मला विचारत होती, "मी सकाळी आंघोळ केली का रे?" केस ओले होते तिचे.

दादाला काय नावं ठेवायची ती ठेव. पण तो एकदाच खोटं बोलला. मी रोज दोन वेळा तिच्यासमोर बसून तो डबा खातो.

तू रजा काढून ये. दादा तुला टरकतो, बटणं देईल. आईला तुझ्यासमोर कांड्या करायला लाव, तिच्या पद्धतीनं. नीट झाल्या की तिचं तिलाच कळेल. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, शप्पथ.

फक्त मी केलं हे कुणाला सांगू नकोस. दादाला नको, त्याला आयतंच कोलीत मिळेल. आईला तर नकोच नको. ती रागावणार नाही गं. "वेडा कुठला" म्हणेल आणि पाठीवरून हात फिरवेल. ते मला सोसणार नाही. पाया पडतो ताई, कुणालाच सांगू नकोस.

तुझा,
आणि दादाचाही सख्खा भाऊ