दुसऱ्या दाढेआधी

ता. १४, गुरुवार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

भिंगरी मजेत आहे. शाळेत जाते, डबा संपवते आणि मी वेणी घालायला घेतली की "आई अशी ओढत नाही" हे न चुकता ऐकवते. भावजींचा जहाजावरून फोन येतो. तुझाच येत नाही. त्या दिवशी व्हिडिओवर तिच्या तोंडातली फट पाहून तू फोन ठेवलास, तो पुन्हा उचलला नाहीस. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवते आहे.

माझा संशोधनाचा अभ्यास कशावर चालू आहे ते तुला ठाऊक आहे. दुधाच्या दाढेत कीड खोल गेली की वरची आजारी नस काढायची, मुळातली जिवंत नस राखायची आणि तिच्यावर औषध ठेवून दाढ बंद करायची. जुनं उग्र वासाचं औषध बरं की नवं पांढरं सिमेंट? चिठ्ठी निघेल ते त्या मुलाला. "कोणतं जास्त चांगलं, ते आम्हालाच अजून कळायचंय," असं मी प्रत्येक आईला सांगते.

ट्रेनिंगला निघताना तू म्हणालीस, "माझ्या पोरीवर चिठ्ठ्या टाकू नकोस. चांगलं असेल ते भर." मी हो म्हटलं. भिंगरी खुर्चीत बसली आणि नर्सने "कोणतं औषध काढू?" विचारलं, तर माझ्या तोंडून पटकन निघालं, "पांढरं." तिथेच मी चरकले. भाचीसाठी मला ठाऊक होतं, मग इतरांच्या लेकरांसाठी कसं नव्हतं?

दाढ उघडली. मुळातली नस निरोगी असेल तर कापसाचा बोळा थोडा दाबून धरला की रक्त थांबतं. हे थांबेना. बोळा बदलला, तोही भिजला. म्हणजे बिघाड मुळापर्यंत गेला होता. वर काहीही भरलं असतं तरी आत पू होणारच. मुळंही झिजलेली, त्यामुळे रूट कॅनालचाही उपयोग नव्हता. हे सगळं कळत असून मी नवा बोळा घेतला.

शेजारच्या खुर्चीवर पेशंट बघणारी माझी डॉक्टर मैत्रीण उठून आली. "काय करतेस?"

"थांबेल आता."

"दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर?"

मी हातमोजे काढले. दाढ तिने काढली, मी नाही. मी भिंगरीचा हात धरून उभी होते आणि ती तुला हाका मारत होती. घरी येताना म्हणाली, "मावशी, तू घाबरली होतीस ना?" मी हो म्हटलं. तिला ते आवडलं असावं, कारण मग तिने माझं बोट घट्ट धरलं.

माझ्या मार्गदर्शक सरांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, माझा कल पांढऱ्याकडे आहे, आता मी चिठ्ठ्या कोणत्या तोंडाने काढू? ते म्हणाले, "कल सगळ्यांचाच असतो. म्हणून तर चिठ्ठ्या. पण घरचं मूल पुन्हा तुझ्या खुर्चीत बसवायचं नाही."

इतकं लिहूनही मुद्द्याचं राहिलंच आहे. दुसऱ्या बाजूची दाढही दुखते आहे. भिंगरी घास एकाच गालात धरून खाते, मला कळू नये म्हणून. एक्स-रे काढला. कीड नसेला भिडली आहे, पण मुळं शाबूत आहेत. ही वाचू शकते, मात्र थांबायला वेळ नाही.

पुढच्या शनिवारी मैत्रीण ती दाढ उघडेल. तू पांढरं म्हणालीस तर पांढरंच भरेल. अभ्यासात घाल म्हणालीस तर चिठ्ठी निघेल, ती सरांच्या हातून. दोन्हींत काय ठाऊक आहे आणि काय नाही, ते मी फोनवर सांगेन. फक्त "चांगलं असेल ते भर" म्हणून मोकळी होऊ नकोस. आणि रक्त थांबलं नाही तर ही दाढही काढावी लागेल, हेही आधीच ऐकून ठेव. तुझा होकार आल्याशिवाय कुणी हात लावणार नाही.

रागावलेली असलीस तरी फोन उचल. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

शनिवारी तिच्या उशाशी, रिकाम्या हातांनी बसणारी,
तुझी धाकटी