शिशाच्या डब्यातला बिल्ला

३ मार्च
ताईच्या ओळखीनं प्रयोगशाळेत मदतनीस. पाचवी नोकरी. ही टिकवायचीच. नाहीतर बाड-बिस्तरा उचलायचा, असं भाऊजी अगदी हसत हसत म्हणाले. काम: पुसणे, उचलणे, कशालाही हात न लावणे.

४ मार्च
यंत्र पाहिलं. इलेक्ट्रॉन पळवायचं. मला वाटलं मैदानभर असेल, निघालं कंगव्याएवढं! सर म्हणाले, टेराहर्ट्झ लहरींनी ढकललं की एवढी नळी पुरते. मी घाबरलो नाही. पण मोठं कुत्रं नुसतं भुंकतं, पोटरी धरतं ते लहानच. जुन्या गल्लीत एक होतं, पांढरं... असो.

६ मार्च
सुरक्षेच्या मॅडमनी छातीवर बिल्ला लावला. अंगावर किती किरणं आली ते यात साठतं, महिन्याअखेर मोजतात म्हणे. म्हणजे भरला की नोकरी गेली!

७ मार्च, दुपार
तोडगा सापडला. एक्स-रे काढताना शिशाचा एप्रन घालतात ना? कपाटात शिशाचा जाड डबा आहे, वर पिवळं स्टिकर. आत नाण्याएवढी चकती, बाकी जागा रिकामीच. बिल्ला आत. मॅडम दिसल्या की छातीवर. याला डोकं लागतं.

१५ मार्च
यंत्राची घूं घूं वाढलीय. जीभ खरखरीत. कंगव्यात सतरा केस. आधी कधी मोजले नव्हते, पण सतरा म्हणजे जास्तच.

२२ मार्च
संकल्प: यंत्राकडे पाठ करून पुसायचं. बादली सांडली. सोमवारच्या मीटिंगला परत दांडी. ती यंत्राशेजारीच भरते.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. वर्षाची मर्यादा एका महिन्यात पार! मॅडम पांढऱ्याफटक. माझं रक्त काढलं, खोलीला कुलूप. ताईला फोन केला, माझी सायकल भाच्याला दे. म्हणाली, आधी ब्रेक दुरुस्त कर. मग रडायला लागली.

४ एप्रिल
रक्त ठणठणीत. मॅडमनी हळूच विचारलं, बिल्ला कुठे ठेवायचास? सांगितलं. त्यांनी डोळेच मिटले. ती चकती किरणोत्सारी, किरणं मोजायचं मीटर नीट चालतं का ते तपासायची. तिची किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून तर शिसं!
मग यंत्राचं काय, मी विचारलं. सर म्हणाले, त्या लहरी तयार करणारा लेसर दुरुस्तीला गेलाय, पाच मार्चपासून यंत्र बंद. दर सोमवारी मीटिंगमध्ये सांगतोय. घूं घूं एसीची.
काढून टाकलं नाही. उद्यापासून फाटकावर. किरणं नाहीत, बिल्ला नाही, जिवाला घोर नाही.

५ एप्रिल
फाटकावर कुत्रं आहे. लहान.