कमरेवरच्या चार जुन्या शिवणी

बाबा,

कामावर निघाले. तुमचा डोळा लागला होता, उठवलं नाही. रिपोर्ट शिलाई मशीनवर आहे.

गोळ्या दोन म्हणजे आजार दोन, हे तुमचं गणित चुकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बऱ्याचदा मूळ एकच असतं. पोटाचा घेर वाढला की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. मग ते जास्त तयार होतं, तरी हळूहळू साखर चढते. जादा इन्सुलिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, आणि प्रेशरही वाढतं. "घेर कधीपासून वाढला?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर आज मिळालं.

सकाळी तुमची करडी पँट इस्त्रीला घेतली. कापड आईने निवडलेलं. कमरेला उसवलेल्या शिवणींच्या चार खुणा दिसल्या. सगळ्यांची मापं वहीत लिहिणारा शिंपी स्वतःची पँट मात्र गुपचूप सैल करत होता. आई होती तोवर यातली एकही खूण नव्हती.

टेप रिपोर्टवर ठेवलाय. संध्याकाळी माप मी घेणार. लहानपणी मी पोट आत ओढून उभी राहिले की तुम्ही म्हणायचात, "श्वास सोड गं, माप खोटं येतं."

आज तुम्ही सोडा.

तुमची गुंडी