जोडी म्हणजे दोन

४ फेब्रुवारी
डेगू आणले, परदेशी उंदरांची एक जात. दोन. खारीपेक्षा जाडे, घुशीपेक्षा गोंडस, शेपटीच्या टोकाला दाढीच्या ब्रशासारखा झुबका. लेकीची दोन वर्षांची भुणभुण संपली. बायकोची अट एकच: दोनाचे तीन झाले की त्याच दिवशी सगळे परत. म्हटलं, होणार नाहीत, माझी जबाबदारी. दुकानदाराला स्पष्ट सांगितलं, एक चांगली जोडी दे. त्याने विचारलं, जोडीच ना, नक्की? एकच गोष्ट दोनदा विचारणाऱ्यांचा मला संताप येतो. म्हटलं, जोडी म्हणजे जोडी, जन्म टायर बदलण्यात गेलाय माझा, मला शिकवू नकोस.
दोघेही नर. खात्री केली. बोनेट न उघडता मी इंजिनाचा आजार सांगतो. पंचवीस वर्षांचं गॅरेज या दोन कानांवर उभं आहे. पिंजऱ्याला कान लावला. दोन्ही आवाज पुरुषी.

११ फेब्रुवारी
प्लायवूडचा दुमजली पिंजरा स्वतः केला होता. वरचा मजला खाल्ला. प्लायवाल्याला फोन करून झापला. म्हणाला, साहेब, आमच्या प्लायला वाळवी लागत नाही, उंदरांचं आम्ही बोललोच नव्हतो. फोन आपटला. आता पत्रा आणि जाळी. वेल्डिंग घरचंच आहे.

२१ फेब्रुवारी, सकाळी सात
कुस्ती. एक दुसऱ्याच्या पाठीवर. बायको म्हणाली, अहो, ही कुस्ती नाही. म्हटलं, भाऊ-भाऊ असेच खेळतात, मी आणि धाकटा असेच लोळायचो. ती म्हणाली, सासूबाईंना विचारून बघते.

९ एप्रिल
एकाचं पोट सुटलंय. बसून खायचं, दुसरं काय. रेशन निम्मं केलं. लेक म्हणाली, बाबा, तिला उपाशी ठेवू नका. म्हटलं, आधी व्याकरण सुधार. ती पिंजऱ्यापुढून हलेना, शाळा बुडवली. ओरडलो. दुपारी बघतो तर पिंजऱ्यात गवताची जुडी. कुणी टाकली, कुणालाच माहीत नाही. या घरात माझा शब्द म्हणजे पंक्चर ट्यूब.

२ मे
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. एकाला हातात घेतलं न घेतलं, म्हणाल्या, हिला दिवस गेलेत. तीन महिने पोटात असतात, वीसेक दिवस राहिले. आणि हिला अर्धपोटी कुणी ठेवलं? लेक माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं. मी बाईंना सांगितलं, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.
तिथून तडक दुकानात. कॉलरच धरणार होतो. दुकानदार म्हणाला, तुम्ही जोडी मागितलीत, नर-मादी दिली. म्हणून तर दोनदा विचारलं. म्हटलं, चपलांची जोडी घेतो तेव्हा काय नर-मादी घेतो? सगळी गिऱ्हाइकं हसली. भाषेचं वाटोळं केलंय या लोकांनी.

२२ मे
पाच. डोळे उघडे, अंगावर केस, तासाभरात तुरुतुरु. पाचही नर, ऐकलं मी. बायको अटीची आठवण करून द्यायला आली, पिल्लांपुढे मांडी घालून बसली ती उठेचना. अट मोडीत. मी जिंकलो.
डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, बापाला आत्ताच वेगळा करा, मादीला बाळंतपणाच्या दिवशीच पुन्हा दिवस जातात. लेकीने केला. तो जाळीला तोंड लावून चिरकायला लागला. ऐकवेना. बापाला पोरांपासून तोडायचं, ही कसली डॉक्टरी. लेक आंघोळीला गेल्यावर वीस मिनिटं आत सोडला. काही झालं नाही. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. मध्ये एक फोन आला, तेवढाच.

१० जुलै
पाचही माद्या. आईला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बापाला वेगळा केला होता ना? लेक म्हणाली, मी केला होता. मग बायकोसकट तिघी एकदम माझ्याकडे वळल्या. तीन बायका आणि मी एकटा पुरुष, न्याय कसा मिळणार. बापाचं ऑपरेशन ठरलं. माझा कडाडून विरोध. कुणी लिहूनही घेतला नाही. रस्त्यात लेकीने पिंजऱ्याच्या किल्लीसाठी हात पुढे केला. दिली.

१५ जुलै
ऑपरेशन झालं. सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवायचं. पण एकटा ठेवलात तर झुरेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात दुसरा एखादा नर आहे का? बायको म्हणाली, आहे की.
पिंजरा गॅरेजच्या केबिनमध्ये आलाय. माझी गादीसुद्धा. लेक येऊन काचेवर चिठ्ठी डकवून गेली: डेगूंना साखर सोसत नाही. दोघांनाही गोड देऊ नये.