प्रेगोचे इतके अर्थ, बाबा!

प्रिय बाबा,

काल यामाशिता-सान आल्या होत्या. तुमच्या इटालियनच्या वर्गातल्या, ऐंशी वर्षांच्या. दारातच कमरेत वाकून त्यांनी माझी माफी मागितली. त्यांनी, माझी! तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेय, आणि समोर तुम्ही नाही, म्हणून हे पत्र.

मुळात तो वर्ग हा तुमचाच पराक्रम. जपानात माझ्याकडे राहायला आलात, म्हणून इथल्या ओजिमाच्या कम्युनिटी सेंटरमध्ये जपानी शिकायला जा म्हटलं, तर मला न विचारता फॉर्म भरलात आणि जाऊन बसलात इटालियनला! तेही जपानीतून शिकवलेलं, जपानी आजीआजोबांच्या वर्गात. वर "माणसं चांगली आहेत गं" म्हणून तिथेच रमलात.

आणि शिकलात काय, तर "प्रेगो"! दार उघडलं की प्रेगो, म्हणजे या. चहा पुढे केला की प्रेगो, म्हणजे घ्या. कुणी आभार मानले की प्रेगो, म्हणजे त्यात काय एवढं. लिफ्ट धरून अख्ख्या मजल्याला प्रेगो, म्हणजे आधी तुम्ही. आणि माझी ट्रेन गेलेली! मी ओरडायला लागले की हात पुढे करून पुन्हा प्रेगो, म्हणजे बोल, बोल. भांडायचं तरी कसं अशा माणसाशी?

कुठल्या दिवशी कुठला कचरा टाकायचा, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. मी ऑफिसात असताना तुम्हाला काही झालं, तर डॉक्टरला काय सांगणार होतात? प्रेगो? या धास्तीनेच मी एक दिवस सेंटरवर जाऊन तुमचं नाव काढून टाकलं. तुम्हाला न विचारता. संध्याकाळी सांगितलं, तर नुसतं "बरं" म्हणालात. का नाही भांडलात?

दोन महिन्यांनी झोपेतच गेलात. कुठल्याच भाषेत कुणाला काही सांगायची वेळ आली नाही.

यामाशिता-साननी तुम्ही तेव्हा वर्गाला पाठवलेलं पोस्टकार्ड दाखवलं. मोडक्या इटालियनमध्ये लिहिलंय, कंटाळा आला, आता येणार नाही. तेव्हापासून ती म्हातारी माणसं मनाला लावून घेऊन बसलीयत. "आमच्याकडून काही कमीजास्त झालं का?" त्या विचारत होत्या. आणि मी? चहा ओतत राहिले, बाबा!

कशाला पाठीशी घातलंत मला? मुलीने नाव काढलं, असं लिहायला काय झालं होतं? फार राग येतो तुमचा. आणि माझा त्याहून जास्त.

बुधवारी अर्धी रजा टाकलीय. वर्गात जाईन, सगळ्यांसमोर उभी राहीन आणि सांगेन, बाबांना तुमचा कंटाळा कधीच आला नव्हता. त्यांना तुमच्यापासून मी तोडलं.

तुमचीच,
वैदेही