रेडिओच्या खोक्यातलं रोप

ब्रनो, १८ जानेवारी

ती. व्लास्ताआत्यास,
रेनाताचा शि. सा. न. वि. वि., आणि दोन्ही गालांवर एकेक पापा.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले तर आमच्या अख्ख्या मजल्याला सगळं कळतं, म्हणून हे पत्र. आम्ही बरे आहोत. पावेलचं वजन नाताळात चार किलोंनी वाढलं. माझा नवरा असूनही तो त्याचा सगळा दोष माझ्या बटाट्याच्या सॅलडवर ढकलतो.

काळजी बाबांची आहे. आई जाऊन सव्वा वर्ष झालं. मी दर शनिवारी पार्दुबित्सेला जाते, तेव्हा ते स्वयंपाकघरात त्याच खुर्चीत, आईच्या बंद पडलेल्या रेडिओसमोर बसलेले असतात. बेचाळीस वर्षं ज्या माणसानं गावाचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, त्याच्याच घरातला रेडिओ मुका आहे आणि तो त्याला हात लावत नाही. हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. परवा मी मुद्दाम माझी बिघडलेली इस्त्री घेऊन गेले. त्यांनी ती हातात घेतली, परत दिली आणि म्हणाले, नवी घे. आत्या, मी जिन्यात येऊन रडले. बाबा आणि 'नवी घे' म्हणतील, हे तुला तरी खरं वाटतं का?

माझं ते ऐकत नाहीत. तुझं लहानपणापासून ऐकत आलेत, निदान तू तसं सांगतेस. त्यांना काहीतरी काम लाव. कसलंही. नाहीतर ते त्या खुर्चीतच संपून जातील अशी मला भीती वाटते.

तुझी माया आहेच, ती जरा त्यांच्याकडेही वळव.
तुझी रेनाता


कियोव, २६ जानेवारी

चि. ओताकर यास अ. उ. आ.
शहात्तर वर्षांचा झालास, पण मी आहे तोवर तू चि.च.

इकडे बर्फ गुडघाभर आणि बातम्या त्याहून कमी. माझ्या हातांनी मात्र संप पुकारलाय. लोणच्याची बरणी उघडत नाही, कोटाची बटणं लागत नाहीत, आणि काल सूप पिताना चमचा तान्ह्या पोरासारखा मुठीत धरावा लागला. डॉक्टर म्हणाले, वय झालं. ते मलाही माहीत होतं, त्यासाठी दोन बस बदलून जायची गरज नव्हती.

आपली आई खुराड्यामागे, घेवड्याच्या वेलांत गांजाचं एक झाड दडवायची आणि डुकराच्या चरबीत त्याचं मलम करायची, आठवतं ना? आता तर नव्या कायद्यानं घरात तीन झाडं लावायची मोकळीक दिली आहे, म्हणजे दडवायचंही कारण उरलं नाही. माझ्या खिडकीत जिरेनियमसुद्धा जगत नाही. तू मला एक रोप वाढवून दे. एकच. तुझ्या घरात ऊन येत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते कसं जमवायचं ते तू बघ, तो माझा प्रांत नाही. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव. मी इथल्याच एखाद्या पोराला विचारीन, हल्लीच्या पोरांना हे सगळं येतं म्हणे.

उत्तराची वाट बघते, आणि तू ते टाळणार हेही जाणून आहे.
तुझी ताई व्लास्ता


पार्दुबित्से, ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
ओताकरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तर 'नाही' असं आहे. माझी खिडकी उत्तरेकडे, मजला चौथा, आणि समोरच्या नोहेलोव्हाबाईंचं नाक असं की मी कांदा कुठल्या पातेल्यात परतला तेही त्या सांगतात. शिवाय मला आता कशातच रस राहिलेला नाही. मलम दुकानात मिळतं. नवं घे.

एवढं लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग तुझं पत्र पुन्हा एकदा वाचलं. ताई, तुझं अक्षर. माझ्या नावातलं पहिलंच गोल अक्षर तुला पुरं बंद करता आलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीचं तुझं पत्र शोधून काढलं, शेजारी ठेवून भिंगातून पाहिलं. तेव्हा ओळी कशा सरळ होत्या. इतकं होईपर्यंत मला कोणी काही सांगितलं का नाही? की सांगितलं आणि मी ऐकलं नाही?

पाकीट फोडलं आहे. झाडाला उंची किती लागते ते कळव. नको, राहू दे, तुला काही माहीत नसणार, मीच बघतो. आणि त्या पोराबिराला अजिबात विचारायचं नाही. हल्लीच्या पोरांना साधं सोल्डरिंग येत नाही.

राग नसावा. हात गरम पाण्यात बुडवून ठेवत जा.
तुझा ओताकर


कियोव, १३ फेब्रुवारी

चि. रेनाता हिला अ. आ.

तुझे बाबा गळाला लागले. मलमावर म्हणशील तर माझा काडीचा विश्वास नाही. आईच्या मलमानं कोणाचं दुखणं गेलेलं मी पाहिलं नाही, फक्त घरभर वास सुटायचा. पण नुसतं ऊठ म्हटल्यानं तो उठणाऱ्यांतला नव्हे. काही बांधायला मिळालं तरच उठेल. हात दुखतात ते मात्र खरं आहे, तेवढं मी खोटं बोललेली नाही.

शनिवारी जाशील तेव्हा पलंगाखाली वाकून बघ आणि कळव. इस्त्रीचा विषय काढू नकोस.

पावेलला म्हणावं, सॅलड बिचारं काय करील.
तुझी आत्या


पार्दुबित्से, ९ मार्च

ती. ताईस सा. न.

रोपासाठी पेटी तयार झाली. आधी बुटांचं कपाट पाहिलं, ते अवाढव्य. पावाचा डबा पाहिला, तो ठेंगणा. शेवटी माझ्या यार्मिलाचा रेडिओ उरला. त्याचं लाकडी खोकं नेमकं हव्या त्या मापाचं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, म्हणूनच मी बुटांच्या कपाटाकडे बघत होतो.

तीन दिवस स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसून राहिलो. मागचं झाकण काढलं तर आत धूळ, जळलेला ट्रान्सफॉर्मर आणि तिची केसांची एक पिन. वरच्या फटीतून कधीतरी पडली असणार. मग त्या दिवशी काम झालं नाही. रडलो, हे तुला सांगायला लाज वाटत नाही, तू मला सॉसेज खाली पडलं म्हणून रडतानाही पाहिलं आहेस. पिन पैशांच्या पाकिटात ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी आतलं सगळं उपसून काढलं. आतून चॉकलेटची चांदी चिकटवली, त्यापायी आठवडाभर चॉकलेट खावं लागलं. वर एलईडीच्या पट्ट्या, बऱ्याचशा पांढऱ्या, थोड्या लाल. मागे कॉम्प्युटरमधला जुना पंखा, बशीएवढाही नाही. वास अडवायला कोळशाचा चुरा यार्मिलाच्या लांब मोज्यात भरून पंख्यापुढे बांधला. ती असती तर म्हणाली असती, एवढे फाटके पडले होते, नेमका चांगलाच बरा सापडला. दिवे लागले की पुढच्या जाळीच्या कापडातून उजेड झिरपतो आणि स्टेशनांची नावं पुन्हा उजळतात. स्वयंपाकघर बरं दिसतं.

आतली उंची सदतीस सेंटिमीटर. झाड त्याहून वाढलं तर ती त्याची चूक.

बी काल ओल्या कापसात ठेवलं. आशीर्वाद दे, मला नाही तर त्याला तरी.
ओताकर


कियोव, ६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

चि. ओताकर यास अ. आ.

सकाळी रिवाजाप्रमाणे पोरं बायकांना फटके द्यायला विलोच्या छड्या घेऊन आली. म्हातारी म्हणून मला इतक्या हळू मारलं की रागच आला. अंडी यंदा तीनच रंगवली, त्यांवरच्या रेघा कोंबडीनंच ओढल्यासारख्या. पुढच्या वर्षी तीही व्हायची नाहीत.

तुझ्या पेटीचा आराखडा मिळाला. तीन रंगांच्या शाईत काढलेला, मापांसकट. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तो मी फडताळावर लावला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. पाद्री आले होते, त्यांना वाटलं हा चर्चच्या नव्या हीटरचा आराखडा आहे. मी होकार दिला.

दोन पानं आली म्हणतोस. चार आली की कळव. जेवतोस ना? चॉकलेटाला जेवण म्हणत नाहीत.

माझ्यावर आहे तेवढाच लोभ त्या रोपावर ठेव, जास्त नको.
ताई


पार्दुबित्से, १७ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

झाडानं चूक केली. एप्रिल संपता संपता डोकं दिव्याला टेकलं आणि एक पान करपलं. मी त्याला दोऱ्यानं बांधून आडवं वळवलं. आता ते खोक्याच्या कडेकडेनं वाढतं आहे आणि मानेत लचक भरल्यासारखं दिसतं, पण तरारलं आहे.

वास अडवायला मोजा पुरा पडला नाही. नोहेलोव्हाबाई दार ठोठावत आल्या, आता पोलिसांत जाणार अशा चेहऱ्यानं. त्यांना खोकं दाखवलं. त्यांनी आत नाक घालून पाहिलं. मग म्हणाल्या, दिवा फार जवळ आहे. त्यांची आजी पण करायची म्हणे मलम. तेव्हापासून रोज येतात, केक आणतात आणि वाद घालतात. त्यांचं म्हणणं बदकाची चरबी घ्या, माझं म्हणणं डुकराचीच. बाईंना काडीची अक्कल नाही, पण केक उत्तम करतात.

झाड खरं तर आठवड्यापूर्वीच कापायला हवं होतं. रोज कात्री घेतो आणि रोज पाणी घालतो. तू रागावशील, म्हणून आधीच सांगितलं.

रेनाताची इस्त्री मागवून घेतली. नुसती एक तार सुटली होती. नवी घे म्हणे! कोणी सांगितलं तिला असं?

जमेल तेवढं कमी रागाव.
ओताकर


ब्रनो, १४ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, आणि मी ती हसू दाबत लिहिते आहे. तू रागावून लिहिल्यावर बाबांनी अखेर झाड कापलं, वाळवलं, डुकराच्या चरबीत मंद आचेवर शिजवलं. रुंद तोंडाच्या तीन लहान बाटल्या झाल्या. चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या, तोवर त्या फ्रिजमध्ये ठेवल्या. काल आम्ही गेलो. बाबा आणि मी बाजारात गेलो असताना पावेलला भूक लागली. फ्रिजमध्ये चरबीच्या बाटल्या. आता आपल्याकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यानं ती पावाला फासली, वर कांदा, मीठ. दोन बाटल्या संपवल्या. आम्ही परत आलो तर तो सोफ्यावर आडवा पडून हॉकीची मॅच बघत होता, टीम पाच गोलांनी हरत होती आणि तो त्या सगळ्यांचं कौतुक करत होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, झोपू द्या, पाणी द्या, लक्ष ठेवा. आज दुपारी उठला. म्हणतो, चव कडवट होती, पण सासऱ्यांच्या स्वयंपाकाला नावं कशी ठेवायची.

बाबा असे कडाडले की जिन्यातली दारं उघडली. आत्या, कान तृप्त झाले. पावणेदोन वर्षांत त्यांचा आवाज मी विसरले होते.

आता एकच बाटली उरली आहे. पोस्टावर त्यांचा विश्वास नाही, माझ्यावर नाही, पावेलचं तर नावच काढायला नको. म्हणून गुरुवारच्या गाडीनं ते स्वतः येताहेत. आईला पोचवून आले तेव्हापासून त्यांनी पार्दुबित्से सोडलेलं नाही. दोन दिवसच राहणार म्हणतात. स्टेशनवर जाशील ना? मला सारखं वाटतंय, ते वाटेतूनच परत फिरतील.

तुझ्यावर भरवसा ठेवून,
रेनाता


कियोव, ५ जुलै

चि. रेनाता हिला अ. उ. आ.

परत फिरले नाहीत. मी तासभर आधीच स्टेशनवर जाऊन बसले होते. तुझे बाबा उतरले, कोटाच्या आतल्या खिशात बाटली, एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दोन दिवसांसाठी आले होते, आज सतरा दिवस झाले. आतापर्यंत पंप, फाटकाची बिजागरी, पाद्र्यांचा मायक्रोफोन आणि शेजारणीचं शिलाई यंत्र दुरुस्त झालं आहे. सकाळी लोक दारात वस्तू घेऊन उभे असतात. जेवतो व्यवस्थित. परवा नोहेलोव्हाबाईंचं पत्र आलं, ते वाचताना कान लाल झाले. मी काही विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

बाटली एकच, म्हणून तो मला तिला हात लावू देत नाही. मी वाया घालवीन म्हणे. सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी अंगणातल्या बाकावर तो माझा हात स्वतःच्या हातात घेतो आणि एकेक बोट, एकेक सांधा सावकाश चोळतो. एका हाताला पाव तास, घड्याळ लावून. चोळताना यार्मिलाबद्दल बोलतो. इतक्या दिवसांत तिचं नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं, आता थांबत नाही. मी चांगला कान त्याच्या बाजूला करून बसते.

मलम चारच दिवसांचं उरलं आहे. पावेलला सांग, ती पेटी गाडीत घालून इकडे घेऊन ये. नवं बी इथंच लावायचं ठरलं आहे. आणि वाटेत काही खाऊ नकोस म्हणावं.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. तुझे काका जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत डॉक्टरांशिवाय कोणी माझा हात हातात घेतला नव्हता. मला वाटत होतं, मी त्याला खुर्चीतून उठवते आहे. माझी खुर्ची मला दिसलीच नव्हती. काल तो पंपाशी खुडबुडत असताना मी सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. त्याची पावलं वाजली तशी सुई घाईघाईनं उशीखाली सारली. संध्याकाळी बाकावर त्यानं विचारलं, ताई, काही फरक वाटतो का. मी सांगितलं, अजून कुठला, आणखी एका रोपाचं मलम तरी लागेल.

माया असू दे, आणि यातलं एक अक्षर बाबांच्या कानी जाऊ देऊ नकोस.
तुझी आत्या व्लास्ता