चपला हातात घेऊन

प्रिय प्रभू,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या भावाचा गुडघा दुखतो, पण मेंढरांमागं जायचं काही सोडत नाहीत. घरात फोन असताना वहिनीला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तू तुझ्या संध्याला म्हणशील. तर ऐक. फोनवर मी बोलायला लागले की तुमच्या वाळूजचं नेटवर्क जातं. पाऊसपाण्याचं विचारलं की येतं, गायरानाचं नाव काढलं की जातं. मोठं हुशार नेटवर्क आहे बाबा तुमच्याकडं. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच 'हॅलो, हॅलो' करता येत नाही.

तर बातमी अशी, की गायरानावर घरं होणार आहेत. ज्यांना गावात स्वतःची जागा नाही त्यांच्यासाठी वसाहत, मधून रस्ता, नळ, विजेचे खांब, आणि एका कडेला नवी अंगणवाडी. यादीत आपल्या मारोतीचं नाव आहे. तू शेवटचा येऊन गेलास तेव्हा मारोतीचं लग्न व्हायचं होतं. आता सून ऐश्वर्या तान्ह्या पोरीला घेऊन पत्र्याच्या खोलीत निजते. उन्हाळ्यात दुपारी ती पोर नुसती लालबुंद होते, मग मी तिला माझ्यासोबत कामावर, अंगणवाडीत घेऊन बसते, तिथं निदान स्लॅब आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, मला ही घरं हवी आहेत. वहिनी घरांच्या आड आली असं कुणी तुझ्या कानावर घातलं तर खरं मानू नकोस.

ग्रामसभेला जिल्ह्याहून एक मॅडम आल्या होत्या, रीता मॅडम. वयानं आपल्या मारोतीएवढ्या, पायात बूट, पाठीला पिशवी. मोठा नकाशा भिंतीला लावला आणि म्हणाल्या, घरं तुमची आहेत, तर कुठं काय असावं ते तुम्ही सांगा. इतकी वर्षं आपल्याला कुणी असं विचारलेलं नाही, त्यामुळं लोकांना आधी वाटलं यात काहीतरी गोम आहे. मग त्यांनी विचारलं, या जागेवर देऊळ, जुनी विहीर, मसणवटा, असं काही आहे का? सरपंचांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, “काय बी न्हाई मॅडम, निस्ता पडीक माळ हाय.” पुढं बसलेल्या सगळ्या माणसांनी माना हलवल्या. तुझ्या भावानंही हलवली. खोटं कुणी बोललं नाही. मसणवटा नदीकाठीच आहे. आम्ही बाया मागं भिंतीला टेकून बसलो होतो. आमच्यातली एकही बोलली नाही. बोललं तर वसाहत दुसऱ्या गावाला जाईल ही एक भीती. आणि दुसरं असं, की जे आपल्याला कधी सांगितलंच नाही ते आपल्याला माहीत आहे असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

मी लग्न होऊन आले तेव्हा तू चौथीत होतास, आठवतं का? नवरी बघायला म्हणून पायरीवर येऊन बसलास आणि तिथंच झोपी गेलास. तुला न्हाऊ घालायचं, शाळेत पाठवायचं, तुझ्या शर्टाला गुंड्या लावायच्या, हे सगळं मी केलं, कारण माझ्या मांडीवर दुसरं कुणी नव्हतंच. सात-आठ वर्षं नव्हतं. जवळ्याच्या बाजारात बाया मला काय काय बोलायच्या, ते तू माझ्या पिशव्या उचलताना ऐकायचास आणि रागानं पिशवी आपटायचास. एकदा त्यात अंडी होती. आणि मग तो आला. तू तेव्हा वसमतला बारावीला होतास. बारशाला एसटीनं आलास तो नाव घेऊनच आलास, रविंद्र. सासूबाई म्हणाल्या, असलं शहरी नाव आमच्यात कोण ठेवतं? पण तू हट्टाला पेटलास. आत्याबाईंनी त्याच्या कानात तेच नाव सांगितलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तू वाजवल्यास.

आता गायरानावर काय झालं ते सांगते. सभा झाली, पण रीता मॅडमचं समाधान झालं नाही. म्हणाल्या, बायांची वेगळी फेरी काढायची, जागेवर. सकाळी आम्ही निघालो, मी, चंद्रभागाबाई, जळबामामांच्या घरची मामी, बाकीच्या साऱ्या. हसत-खिदळत चाललो होतो. नवी वसाहत झाली की कोण कुणाच्या शेजारी नको, यावरच जास्त चर्चा. वाकड्या बाभळीपाशी आलो आणि सगळ्यांनी चपला काढून हातात घेतल्या. कुणी कुणाकडं पाहिलं नाही, बोलणंही थांबलं नाही. मधला माळ अनवाणी ओलांडला आणि ओढ्याच्या काठाला पुन्हा चपला घातल्या. मॅडम थबकून बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, काटे तर इथंच जास्त आहेत. मग चपला का काढल्या?” मी म्हटलं, सवय आहे. परत येताना पुन्हा तसंच झालं, ओढ्याला काढल्या, बाभळीला घातल्या. या वेळी त्या सोबत आल्याच नाहीत. ओढ्याकाठीच उभ्या राहिल्या, आणि आम्हाला हाक मारून विचारलं, “इथून तिथपर्यंत काय आहे?”

माझ्या सासूबाईही तो माळ चपला हातात घेऊनच ओलांडायच्या. मी नवीन असताना विचारलं होतं, काहून? तर म्हणाल्या, चपला झिजतात. मीही ते खरं मानलं. रविंद्र गेला त्यानंतर पहिल्यांदा गायरानावर सरपणाला गेले, तेव्हा बाभळीपाशी माझा हात आपोआप पायाकडं गेला. त्या दिवशी सासूबाई माझ्या पुढं चालत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण त्या जरा हळू चालायला लागल्या. तेव्हा मला कळलं की त्यांचंही कुणीतरी तिथं आहे. त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मॅडमना उत्तर दिलं ते चंद्रभागाबाईंनी. आता त्यांना नीट दिसत नाही, पण आवाज खणखणीत आहे. म्हणाल्या, “बाई, तिथं आमची लेकरं निजल्यात. मोठ्या मान्साला नदीवर नेत्यात, दूधपित्या लेकराला हितं आनत्यात. आनत्यात गडीमान्सं. आयला जागा सांगत न्हाईत. सांगितली तर ती तिथं जाऊन बसंल, घरी यायची न्हाई, म्हून. आमाला न्हाई ठावं कोन कुटं हाय. मंग पाय कुटं द्यावा? चपला तरी काढाव्या का न्हाई?” मॅडमनी बूट काढले नाहीत, पण पुढं पाऊलही टाकलं नाही. लांबून, ओढ्याच्या कडेनं वळसा घालून त्या गावात आल्या. त्या क्षणापासून ती पोरगी मला आवडते.

प्रभू, जागा सांगत नाहीत ते आमच्यावरच्या मायेपोटी, हे मला कळतं. पण त्या मायेनं काय झालं ते तुम्हा कुणाला माहीत नाही. एक जागा माहीत असती तर बाकीचा माळ मोकळा झाला असता. माहीत नाही म्हणून सगळा माळच त्याचा झाला. इतकी वर्षं मी तिथं पाऊल टाकते ते प्रत्येक पाऊल विचारून टाकते, इथं आहेस का रे? इथं? मेंढीचं पिल्लू आईपासून चुकून ओरडलं की या वयातही छाती भरून आल्यासारखी वाटते आणि मी येड्यासारखी पदर चाचपते. गाव मारोतीला आपला थोरला म्हणतं, आणि प्रत्येक वेळी मला मागं वळून बघावंसं वाटतं. आता मोजणीवाल्यांनी माळावर घरांच्या खुणेसाठी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या आहेत. मला लांबून ते मीठच वाटलं.

मीठ तुलाही आठवत असणार. रविंद्र गेला त्या दिवशी तुझे भाऊ कळप घेऊन लांब गेले होते, निरोप पोचायलाच दोन-तीन दिवस लागणार होते. ओसरीवर माणसं गोळा झाली होती आणि मी आत पडून होते. तू दारात आलास आणि माझ्याकडं न बघता विचारलंस, “वहिनी, मिठाचा डबा कुटं हाय?” लेकराला मातीत ठेवताना मीठ लागतं, हे मला कळलं होतं. तरी सांगितलं, फळीवर आहे, गुळाच्या मागं. तू अख्खा डबा नेलास. मामंजी पुढं, आणि तू मागून त्याला छातीशी धरून. तू गळ्यातला रुमाल त्याच्या तोंडावर घातला होतास, ऊन लागू नये म्हणून. परत आलात तेव्हा डबा घासून चकचकीत केलेला होता आणि तुझ्या पायात चपला नव्हत्या. कुठं राहिल्या, कुणी विचारलं नाही. पुढच्या बाजारी मामंजींनी तुला नव्या आणून दिल्या. त्यानंतर तू गायरानात पाऊल टाकलं नाहीस. गावाला आलास तरी डांबरी रस्त्यानं सगळा वळसा घालून येतोस. अलीकडं तर येतच नाहीस. यासाठी मी तुला कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. अठरा वर्षांच्या पोरावर एवढं ओझं टाकायला नको होतं, एवढंच मला नेहमी वाटत आलं आहे.

मॅडमनी पुन्हा सभा घेतली. म्हणाल्या, घरं रस्त्याच्या बाजूला सरकवता येतील, पण सगळा माळ सोडला तर निम्म्या लोकांना घर मिळणार नाही. एक तुकडा मोकळा ठेवता येईल. अंगणवाडीची इमारत त्याच्या कडेला, बाकीचं तिचं अंगण. अंगणात खणायचं नाही, नुसती सावलीची झाडं कडेकडेनं. तो तुकडा कुठला, ते गावानं सांगायचं. मग गावात जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हातारी माणसं एकेक करून आपल्या बायकांना घेऊन माळावर जायला लागली. मुंजाजी आपल्या बायकोला घेऊन गेले, जागा दाखवली, आणि दोघं तिथं तास-दोन तास गप्पा मारत बसले, म्हणे. ऊस, सोयाबीन, सुनेचा स्वभाव, सगळ्यावर. इतकी वर्षं ज्याची आम्हा सगळ्यांना भीती घातली होती ते झालंच नाही. बाई उठली आणि घरी आली.

जळबामामांची गंमत वेगळी. त्यांना काहीच आठवेना. दोन दिवस नुसते बाभळीभोवती फिरत होते. शेवटी मामीला नेलं आणि ठासून सांगितलं, “ह्या लिंबाखाली. मला बराबर याद हाय.” मामीनं वाकून माती कपाळाला लावली. घरी आल्यावर मला हळूच म्हणाली, “सत्यशीला, लिंब तर मी लेकी उजवल्यावर उगवला. तवा तिथं कुटला लिंब?” मी विचारलं, मग तसं म्हटलं का नाहीस? तर म्हणाली, “एवढं तोंड सरळ ठिवून सांगत हुता बिचारा. मानलं मी. आता लिंबाखालीच हाय ते.” आणि प्रभू, त्या दिवसापासून मामी बाकीच्या माळावरून चप्पल घालून चालते. फक्त लिंबापाशी काढते.

आमच्या घरात मात्र दाखवणारं कुणी नाही. मामंजी गेले. तुझ्या भावाला मी परवा विचारलं, तर मेंढरांकडं बघत म्हणाले, “मला न्हाई ठावं. परभूला एकदा इचारलं हुतं, तो नुसता रडला. फिरून इचारलं न्हाई.” एवढंच. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं, की हा माणूसही इतकी वर्षं त्या माळावर मेंढरं चारतो ती जागा माहीत नसताना, कुणाला न विचारता चारतो.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. येत्या सोमवारी शेवटची सभा आहे. अंगणवाडीचं अंगण कुठं धरायचं यावर बायांमध्ये वाद झाला नाही. त्या म्हणाल्या, तिथं रोज बसायचं सत्यशीलाला, तर जागा तीच सांगेल. आमच्या दाखवलेल्या जागा जवळजवळ आहेत, थोडं इकडंतिकडं सरकवलं तर सगळ्या बसतात, तिची तेवढी राहिली आहे. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या आणि मला बोट कुठं करायचं ते माहीत नव्हतं. म्हणून तू ये. रविवारी ये. काही बोलू नकोस, काही सांगू नकोस. बाभळीपासून तू पुढं चाल, मी अनवाणी मागं येते. त्या दिवशी चपला जिथं विसरून आलास तिथं फक्त उभा राहा. मग मी मॅडमना सांगेन, अंगण इथून धरा. सकाळी गावातली सगळी लेकरं तिथं येतील, रडतील, भांडतील, खिचडी सांडतील, आणि मी तिथं बसून हजेरी घेईन. इतकी वर्षं एकटाच निजला आहे रे तो, जरा गलका ऐकू दे त्याला. आणि प्रभू, तुला खरंच आठवत नसेल तरीही ये. जळबामामांसारखं कर. कुठंही उभा राहा, फक्त तोंड सरळ ठेव. मी मानेन.

बाभळीपाशी वाट बघणारी,
तुझीच वहिनी,
सत्यशीला